खणखणीत हेड

ज्यांना पटणार नाही त्यांनी इथेच थांबावं. खाली कमेंटमध्ये माझी अक्कल काढू नये. ती काढायला घरात वहिनी आहे.

हे माझ्या सख्ख्या मोठ्या भावाच्या बाबतीत घडलंय. मी ऐकलेलं नाही, पाहिलंय. हातात पाना होता माझ्या.

आणि रात्र नव्हती.

इथे सगळ्यांच्या गोष्टीत रात्र असते, कुत्री रडतात, लाइट जाते. आमच्याकडे भर दुपार होती. कडक ऊन. पंखा चालू. रेडिओवर बाई सांगत होती की आकाश निरभ्र राहील.

तरी झालं.

आमचं वर्कशॉप गल्लीच्या टोकाला. एकच लांबट खोली, बोगद्यासारखी. पुढे शटर, मागे भिंत. भिंतीत वर एक झरोका आहे, पण त्यातून आत यायचं तर मांजरसुद्धा आधी पोट आत घेतं. वर आम्ही राहतो. दादा, वहिनी आणि मी. वर जायचा जिना बाहेरून. म्हणजे शटर बंद झालं की आतला माणूस आत.

आमचं काम हेडचं. इंजिनाचा खालचा भाग ब्लॉक. त्यावर झाकणासारखं बसतं ते हेड. त्यात वॉल्व्ह असतात. ते उघडतात, मिटतात, तेव्हा इंजिन श्वास घेतं. लोक खराब हेड आणतात, आम्ही ते घासून, वॉल्व्ह बसवून, नव्यासारखं करून देतो.

काम मी करतो. शिव्या दादा देतो.

दादा म्हणजे कायम घाईत. चहा निवायची वाट बघवत नाही म्हणून रोज जीभ भाजून घेणारा माणूस. मला अजून ‘छोट्या’ म्हणतो. मी चाळिशी ओलांडली आहे आणि वजनकाटा मला बघून कण्हतो. पण छोट्या.

मात्र त्याचा कान... त्या कानाला तोड नव्हती.

जुनं हेड निवडायचं तर दादा ते तारेने हुकाला टांगायचा. लहान हातोडीने एकच टोला द्यायचा आणि कान जवळ न्यायचा. चांगलं बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, हेड घंटेसारखं वाजतं. आत तडा असेल तर आवाज बसका येतो. लोक मशीन लावून तपासतात, पावडर लावून तपासतात. दादा एक टोला मारून सांगायचा, “टाक भंगारात.” पुढे ते खरं निघायचं.

त्याच कानाने घात केला.

झालं असं की मामाची गाडी आली. आमचा मामा गाडी चालवतो म्हणण्यापेक्षा गाडीवर बसतो. इंजिन तापलं, काटा लाल रंगात गेला. मामाने काय करावं? काट्यावर फुलपाखराचं स्टिकर लावलं.

“सारखं लक्ष जात होतं रे तिकडे,” म्हणाला.

हेड वाकलं होतं. दोन वॉल्व्हच्या मधोमध तडा. दुसरं शोधायला हवं होतं.

मी आणि दादा भंगारवाल्याकडे गेलो. त्याच्याकडे त्या गाडीची तीन हेडं होती. दादाने पहिलं टांगलं. टोला.

ठप्.

“वाळलेला भोपळा,” दादा म्हणाला.

दुसरं वाजलं चांगलं, पण कुणीतरी ते घासघासून पापड केलेलं.

तिसरं कोपऱ्यात पालथं पडलं होतं. त्याच्यावर एक जड चाक ठेवलेलं. का ठेवलं होतं, कुणी विचारलं नाही. आम्ही ते बाजूला केलं, हेड टांगलं. दादाने टोला दिला.

टण्णण्णण्ण...

वाजत राहिलं.

भंगारवाला पाणी प्यायला आत गेला. पिऊन आला. तरी वाजत होतं.

दादाच्या चेहऱ्यावर मी असं सुख कधी पाहिलं नव्हतं. लग्नाच्या फोटोतही नाही.

“ऐकतोयस, छोट्या? ऐकतोयस? एवढं खणखणीत हेड मी जन्मात ऐकलं नाही.”

हळूहळू आवाज विरला. हेड तारेवर स्थिर झालं. दादाने हातोडी खिशात घातली.

आणि...

टक्.

आतून.

मी दादाकडे बघितलं. “तू मारलास?”

“प्रतिध्वनी आहे.”

“दादा, हे हेड आहे. डोंगर नाही.”

“तुला काय कळतंय? उचल.”

उचललं.

खरं सांगतो, तेव्हा मला भीती वाटली नाही. माझी कंबर दुखत होती. कंबर दुखत असली की भीतीला जागा उरत नाही.

दुसऱ्या दिवशी मी ते साफ केलं. पृष्ठभाग घासून सरळ केला. वॉल्व्हला पेस्ट लावून एकेक वॉल्व्ह त्याच्या जागेवर घासला. मग रॉकेलची परीक्षा. हेड उलटं ठेवायचं, वॉल्व्ह नुसते बसवायचे, वरच्या खळग्यांत रॉकेल ओतायचं. खाली थेंब झिरपला नाही, तर वॉल्व्ह घट्ट बसले.

मी रॉकेल ओतलं. एक थेंब झिरपला नाही.

तेवढ्यात वरून वहिनीची हाक.

“अहो! दार उघडा!”

वहिनी बाथरूममध्ये अडकली होती. दादा जिना चढून वर पळाला. मला त्याचा आवाज येत होता. “कडी काढ ना!” “कडी लावलीच नाहीये!” “मग ओढ!” “ओढतेय! तुम्ही काय तिकडून आशीर्वाद देताय का?”

मी हसत होतो.

मग माझं लक्ष रॉकेलकडे गेलं.

दुसऱ्या खळग्यात... एक बुडबुडा आला.

मग आणखी एक.

खाली वॉल्व्ह बंद होता. घट्ट. तिथून हवा येणं शक्य नाही. पण बुडबुडे येत होते. सावकाश. एक यायचा, मध्ये थांबायचा. एक यायचा, थांबायचा.

कुणीतरी पाण्याखाली श्वास सोडावा तसे.

मी खालून बोट घालून तो वॉल्व्ह वर ढकलला. रॉकेल भस्सकन् खाली गेलं.

त्याच क्षणी वर धाडकन आवाज. दार उघडलं होतं. दादा खांद्याने ढकलत होता, तो थेट बादलीत.

“लाकूड फुगलं असेल,” दादा नंतर म्हणाला. अंगावरून पाणी गळत होतं.

“दार पत्र्याचं आहे,” वहिनी म्हणाली.

दादा टॉवेल शोधायला लागला. मी त्या बुडबुड्यांचं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर दादा म्हणाला असता, जेवण कमी कर.

तिसऱ्या दिवशी दुपारी हेड गाडीवर चढवलं.

मामाची गाडी वर्कशॉपमध्ये आत, बॉनेट काढून बाजूला ठेवलेलं. मी ब्लॉकवर गॅस्केट, म्हणजे मधला पातळ थर, ठेवलं, त्यावर हेड. हेडचे दहा बोल्ट असतात. ते मधून सुरू करून बाहेरच्या दिशेने आवळायचे. तेही एका दमात नाही, तीन फेऱ्यांत. जोर मोजणारा पाना असतो. ठरलेल्या जोराला आला की तो ‘कट्’ असा आवाज करतो.

पहिली फेरी झाली. दादा घाईपायी खालीच जेवायला बसला होता. त्याच्या डब्याचं झाकण निघेना.

“तुझी वहिनी हे हातोडीने लावते का?”

त्याने डबा गुडघ्यात धरला, झाकण दातात धरलं. शेवटी डबा माझ्याकडे फेकला. मलाही निघालं नाही. आतून वास येत होता, जेवण मिळत नव्हतं. दादा इतका चिडला की डब्याला शिव्या घालत सुटला.

मी दुसरी फेरी सुरू केली.

कट्... कट्... कट्...

दहाव्या बोल्टला पाना वाजला आणि शटर खाली आलं.

पडलं नाही. आलं. अगदी सावकाश. हाताने धरून कुणी ओढावं तसं.

जमिनीला टेकलं.

आम्ही दोघांनी जोर लावला. सब्बल घातली. हललं नाही. शटर जमिनीत उगवल्यासारखं.

“वहिनी!” मी ओरडलो. झरोक्याखाली उभा राहून ओरडलो. उत्तर नाही.

आणि मला जाणवलं... रेडिओ बंद झाला होता. पंखा फिरत होता, पण त्याची ती कुरकुर नव्हती. रस्त्यावरचा आवाज नाही. ऊन फटीतून येत होतं, बाकी काही येत नव्हतं.

“घाबरतोस काय बायकांसारखा?” दादा म्हणाला. “गाडीचा हॉर्न वाजवतो. मामाचा हॉर्न ऐकून मेलेला उठेल, तुझी वहिनी का नाही उठणार? तू तोवर तिसरी फेरी मार. वेळ कशाला फुकट घालवायचा?”

हे बघा. शटर आपोआप बंद झालंय, हाक बाहेर जात नाहीये, आणि आमच्या दादाला काम उरकायचं होतं.

आणि मीही आवळायला लागलो. आयुष्यभराची सवय. दादा म्हणाला आवळ, की आवळायचं.

तो गाडीत बसला. दार ओढून घेतलं. काचा वरच होत्या.

कट्... कट्...

हॉर्न काही वाजेना. मला वाटलं, बॅटरी बसली असेल. मी मान खाली घालून आवळत राहिलो.

शेवटचा बोल्ट.

कट्.

मी वर बघितलं.

काचेआड दादा हॉर्नवर दोन्ही हातांनी जोर देत होता. तोंड उघडून ओरडत होता. आवाज नाही. दाराचा खटका खेचत होता, काचेवर मुठी मारत होता.

काचेतून काही ऐकू येत नव्हतं.

पण माझा हात हेडवर होता...

टक्. टक्. टक्.

दादा मूठ काचेवर मारायचा. ठोका लोखंडातून यायचा. माझ्या तळहाताखाली.

मी हात काढून घेतला. पुन्हा ठेवला. पुन्हा तेच.

मी हातोडी घेऊन धावलो. काचेवर घातली, सगळा जोर लावून. काचेवर ओरखडासुद्धा नाही. पण मागे हेड वाजलं. टण्णण्णण्ण... तसंच, लांबलचक. आणि आत दादाने दोन्ही कान दाबून डोकं स्टिअरिंगवर आपटलं.

त्याच्या नाकातून रक्त आलं.

मी हातोडी टाकली.

बंद गाडी. कडक उन्हाची दुपार, शटरचा पत्रा तापलेला. दादाच्या श्वासाने काच धुरकट व्हायला लागली होती. तो आता कमी ठोकत होता. मला रडू येत होतं आणि डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. बाथरूमचं दार. वॉल्व्ह बंद, दार बंद. वॉल्व्ह उघडला, दार उघडलं.

बोल्ट!

मी पाना घेतला आणि मधल्या बोल्टला लावला.

टक्! टक्! टक्! टक्!

जोरात. रागाने. मी वर बघितलं. दादाने काचेवरची वाफ पुसली होती आणि तो माझ्याकडे बघून बोट नाचवत होता. आधी कडेला, मग मध्ये. कडेला, मग मध्ये.

माणूस गुदमरून मरतोय आणि मला सांगतोय की गाढवा, उघडताना बाहेरून आत! मधून सोडलंस तर हेड वाकेल!

मी हसलो. देवाशपथ, रडत रडत हसलो. आणि कडेच्या बोल्टला पाना लावला.

एक सुटला. दुसरा. तिसरा. दादा काचेला गाल लावून बघत होता. प्रत्येक बोल्टला मान हलवत होता. बरोबर. बरोबर.

मग मान हलायची थांबली.

त्याच्या काचेवरची वाफ कमी होत गेली. लहान वर्तुळ. आणखी लहान.

मग नाहीच.

शेवटचे दोन बोल्ट निघेनात. मी पान्याला पाइप लावला आणि माझं सगळं वजन त्यावर टाकलं. त्या दिवशी माझं वजन पहिल्यांदा कुणाच्या उपयोगी पडलं. एक सुटला.

मी गाडीत बघितलं.

मागच्या काचेवर वाफ येत होती.

मागच्या सीटवर कोणी नव्हतं. दादा पुढे, स्टिअरिंगवर पडलेला. पण मागची काच धुरकट व्हायची... निवळायची. धुरकट व्हायची... निवळायची. शांत श्वास. मध्ये खंड. पुन्हा श्वास.

माझा हात शेवटच्या बोल्टवर होता.

त्या एका क्षणात मला कळलं होतं का? हो. मला वाटतं, कळलं होतं. हा सोडला की जो बाहेर येईल, तो दादाच असेल असं नाही.

पण आत माझा भाऊ होता. तुम्ही काय केलं असतं?

मी सोडला. हेडखाली सब्बल घातली आणि उचकटलं.

थंड हवा माझ्या तोंडावरून गेली. ओल्या तळघरातून येते तशी. शटर खडखडत वर गेलं. रेडिओ सुरू झाला. बाहेर वहिनी दोन्ही हात लाल होईपर्यंत शटर बडवत उभी होती, आणि मला आत एक ठोका ऐकू आला नव्हता.

गाडीचं दार उघडलं.

दादा उतरला. नाकाखालचं रक्त पुसलं. शर्ट नीट केला. माझ्याकडे बघून गोड हसला.

“दमलास का रे, बाळ?”

वहिनी त्याला मिठी मारायला धावली होती. ती मध्येच थांबली.

उभ्या आयुष्यात दादाने मला कधी ‘दमलास का’ विचारलं नाही. बाळ तर दूरच राहिलं.

डॉक्टर म्हणाले, धक्का बसलाय, विश्रांती द्या. आम्ही दिली. तो खूप चांगला वागतो. भाजीत मीठ जास्त झालं तरी वाटी चाटून पुसून खातो. वहिनीला पाणी आणून देतो. शेजारी म्हणतात, सुधारला.

वहिनी म्हणाली, “भावजी, सुधारेल कसा? हा माणूस झोपेत सुद्धा भांडायचा.”

त्याला दोन हेडं टांगून दिली. टोला मारला, कान लावला. बराच वेळ ऐकत राहिला. मग म्हणाला, “दोन्ही छान आहेत.”

एकाला बोटभर तडा होता.

मामाच्या गाडीला आम्ही दुसरीकडून हेड आणून बसवलं. ते खणखणीत हेड मी मांडणीवर ठेवलं. वॉल्व्ह काढून टाकले. सगळी भोकं उघडी. आत काही राहायला जागाच नाही.

आणि तरी...

महिन्यापूर्वी मी एका गाडीचे बोल्ट सोडत होतो. घाईत होतो, मधून सुरुवात केली.

मांडणीवरून आवाज आला.

टक्! टक्! टक्! टक्!

मी तिथेच खाली बसलो. वहिनीला हाक मारली. तिने हेडवर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. मग वाकून त्याला हळूच म्हणाली, “अहो...”

टक्.

ती तिथे रडली नाही. वर जाऊन रडली.

दुसऱ्याच दिवशी सकाळी दादाने भंगाराचा टेम्पो बोलावला. आम्हाला न विचारता.

“अडगळ कशाला?” म्हणाला. “भट्टीत जाऊ दे. वितळलं की विषय संपला.”

मी काही बोलायच्या आत वहिनीने ते हेड मांडणीवरून खाली घेतलं, भिंतीशी ठेवलं, आणि पदर खोचून त्यावर बसली. भाजीची पाटी मांडीवर घेऊन निवडायला लागली.

“ऊठ ना गं,” दादा म्हणाला. “ऊठ ना, राणी.”

वहिनीने माझ्याकडे बघितलं. 

“ऐकलंत, भावजी? राणी म्हणाला.”

टेम्पो रिकामा गेला. आला तसाच दुसऱ्या आठवड्यात पुन्हा आला. पुन्हा रिकामा गेला.

तेव्हापासून आमच्यापैकी एक जण कायम इथे असतो. सकाळी ती, दुपारी मी. रात्री आलटून पालटून. आम्ही एकत्र कुठे जात नाही. मामाकडे बारसं होतं, मी एकटा गेलो. हेड पुन्हा कशावर तरी आवळून बघावं का, असं वहिनी म्हणते. मग दोघं एकमेकांकडे बघतो. आवळलं तर कोण आत जाईल आणि कोण बाहेर येईल, हे कुणाला ठाऊक? आणि वितळवू तर शकतच नाही.

हे मी माझ्या पाळीत लिहितोय. दुपार आहे. शटर उघडं आहे, शटरच्या पट्टीला मी वेल्डिंग करून टाकलंय. माझ्याशेजारी हेड आहे. आज सकाळपासून ठोके फार हळू येतात. मध्ये मध्ये थांबतात. मी हात ठेवून बसतो, मग एखादा येतो.

तुमच्यापैकी कुणाला काही माहीत असेल तर सांगा. चेष्टा करू नका.

आत्ताच दादा खाली आला होता. माझ्यासाठी चहा घेऊन. कप ठेवला, माझ्या खांद्यावर हात ठेवला. हात थंडगार होता. तो बराच वेळ हेडकडे बघत उभा राहिला. मग अगदी मायेने म्हणाला,

“किती दिवस बसणार रे तुम्ही दोघं? बसा. मला काही घाई नाही.”